कोणास काही एक न सांगता

मिसिंग रजिस्टरमधलं एक वाक्य मी नोकरीत किती वेळा लिहिलं असेल, त्याची गणती नाही. ‘राहत्या ठिकाणाहून कोणास काही एक न सांगता कोठेतरी निघून गेला आहे.’ माझ्या आधीचे हवालदार हेच लिहायचे, त्यांच्या आधीचेही हेच. नव्या पोराला मिसिंगचं टेबल दिलं की आधी हे वाक्य पाठ होतं, कलमं नंतर. त्यातली गोम मला रिटायरमेंट जवळ आल्यावर कळली. माणूस ‘निघून गेला’ हे आपण पहिल्याच ओळीत ठरवून मोकळे होतो. गेला की कुणी नेला, की इथंच कुठंतरी पडलाय, ते अजून कुणाला माहीत असतं?

नोटाबंदीचं साल, २०१६. डिसेंबरचा मधला आठवडा. पुण्यातल्या ज्या ठाण्यात मी होतो तिथले निम्मे लोक बँकांच्या रांगांवर बंदोबस्ताला. दुपारी आष्टी तालुक्यातून एक गृहस्थ आले. पांढरा सदरा, टोपी, काखेत पिशवी. मुलगा विद्यापीठात एमएस्सीच्या पहिल्या वर्षाला. होस्टेलला नंबर लागला नव्हता, म्हणून कॉट बेसिसवर, म्हणजे खोलीतली एक कॉट भाड्यानं घेऊन राहायचा. खोलीतल्या पोरांना वाटलं गावाला गेला, गावाकडं वाटलं फोन बिघडला असेल. अशात चार दिवस गेले.

आणि मी त्यांना काय म्हणालो? “काका, परीक्षा जवळ आलीय, टेन्शन असेल. येईल दोन दिवसांत.” चोवीस तास थांबा, असं कायद्यात कुठंही लिहिलेलं नाही. तरी आमच्या तोंडी ते बसलेलंच असतं. इथं तर चार दिवस होऊन गेले होते.

“सायब, आमचं लेकरू न सांगता वेशीबाहेर जात नाई,” एवढंच ते म्हणाले.

नोंद घेतली. रंग सावळा, बांधा सडपातळ, अंगात राखाडी स्वेटर, नेसणीस काळी पँट, पायात चप्पल. वय २०. हा आकडा लिहिला की आमच्याकडं पुढचं सगळं ठरतं. अठरा पूर्ण नसतील तर सुप्रीम कोर्टाच्या २०१३ च्या निकालामुळं अपहरणाचा गुन्हा धरून एफआयआर होतो आणि पीआय साहेबांपासून सगळे कामाला लागतात. विसाव्या वर्षी रजिस्टरला एक नंबर पडतो, वायरलेस मेसेज जातो आणि फोटो सगळीकडं पाठवले जातात. बास.

वडील पेपर वाचणारे होते. दोनच महिन्यांपूर्वी, १५ ऑक्टोबरला, दिल्लीत जेएनयूच्या माही-मांडवी होस्टेलमधून नजीब अहमद हा विद्यार्थी गायब झाला होता. तोही एमएस्सीच्या पहिल्या वर्षाचाच. “त्यो तर सज्ञानच हाये की. तिथं गुन्हा झाला, हितं का नाई?” त्यांनी विचारलं. तिथं आदल्या रात्री होस्टेलमध्ये भांडण झालं होतं, संशयाला जागा होती, असं मी त्यांना समजावलं. उत्तर बरोबर होतं. पण इथं संशयाला जागा आहे की नाही, हे मी तोवर शोधलंही नव्हतं.

कामाची पहिली गोष्ट मेसवाल्या मावशींकडं मिळाली. त्यांच्या वहीत प्रत्येक पोराचे खाडे लिहिलेले. चौदा तारखेच्या दुपारी जेवलेला, रात्रीपासून सलग खाडे. वर मावशी म्हणाल्या, “हवालदार, तो खाडा करायचा तर सकाळीच सांगून जायचा. पैसे कापून घेण्यात पक्का होता.” पुढं बरीच कागदपत्रं गोळा झाली, पण त्या वहीइतका भरवशाचा कागद त्यात दुसरा नव्हता.

त्याच दिवशी सकाळी त्यानं एटीएममधून २,००० काढलेले. त्या दिवसांत मशीनमधून बहुतेक तेवढी एक गुलाबी नोटच यायची, आणि त्या नोटेचे सुटे कुणी देत नव्हतं. बँकेनं फुटेज दिलं. चाळीसेक सेकंदांचं. पोरगं आत येतं, कार्ड घालतं, नोट उजेडाकडं धरून बघतं, मागे वळून रांगेतल्या कुणाशी तरी दोन शब्द बोलतं आणि बाहेर पडतं. बाहेर शंभर माणसं उभी. एवढे साक्षीदार, आणि एकाच्याही लक्षात नाही.

वडिलांनी ते तीनदा बघितलं. तिसऱ्यांदा म्हणाले, “लय वाळलंय.”

सीडीआर, म्हणजे नंबरवरच्या कॉलची कंपनीकडची नोंद, मागवला. शेवटचा कॉल तीन दिवस आधीचा, घरचाच. नंतर काहीच नाही. मोबाइलच्या बिलावर आयएमईआय, म्हणजे हँडसेटचा ओळख नंबर होता, तो रन करायला दिला. त्या हँडसेटवर दुसरं सिम चालतंय का ते त्यातून कळतं. उत्तर आलं, तेच एक सिम. कागद फाइलला लावला. तपास अजून चालू असला तरी माझ्या डोक्यात तो तिथंच बंद झाला, हे आता कबूल करायला हरकत नाही.

मधल्या काळात मी त्यांना तीन वेळा मृतदेह दाखवायला नेलं. खडकवासल्याचा कालवा शहरातून हडपसर, लोणी करत दौंड, इंदापूरकडं जातो. पुण्यात पडलेलं माणूस कुठल्या गेटला लागेल, सांगता येत नाही. म्हणून खालच्या प्रत्येक ठाण्याचं आकस्मिक मृत्यूचं रजिस्टर बघावं लागतं. एकदा दौंड बाजूला तरुण मुलाचा देह निघाला. चेहरा ओळखण्यासारखा राहिला नव्हता. वडिलांनी नाकाला पंचा लावला आणि पायांशी जाऊन बसले. डाव्या पायाचा अंगठा हातात धरून बघितला. लहानपणी कुऱ्हाडीचा घाव बसलेला होता म्हणे. “न्हाई हा,” म्हणाले, आणि उठायच्या आधी त्या पायावरची चादर नीट करून ठेवली. तिथला डोम माझ्याकडं बघत राहिला.

फेब्रुवारीत ते कॉट रिकामी करायला आले. घरमालकाला दुसरा मुलगा ठेवायचा होता. जाताना ठाण्यात आले, पिशवीतून मोबाइलचं रिकामं खोकं काढून टेबलावर ठेवलं. “ह्याचा काई उपेग व्हतो का?”

मी सवयीनं खोकं उलटं केलं. स्टिकरवर बारकोडखाली पंधरा आकडे. त्याच्या खाली आणखी एक बारकोड, आणखी पंधरा आकडे.

ड्युअल सिम हँडसेटला दोन आयएमईआय असतात, एकेका स्लॉटला एक. हे मला माहीत होतं, नव्हतं असं नाही. दुकानदारानं बिलावर एकच लिहिला होता आणि मी तेवढाच चालवला होता. सप्टेंबरपासून जिओचं फुकटचं सिम कॉलेजच्या प्रत्येक पोराच्या खिशात. आमच्या घरी माझ्याच मुलीकडं दोन सिमं. तरी मी ह्या पोराचं दुसरं सिम शोधलं नाही.

चहा मागवला. त्यांना काही बोललो नाही. ते मी नंतर सांगितलं, सहा महिन्यांनी.

दुसरा नंबर चार दिवसांत मिळाला. सीडीआरही आला, कारण तो कंपनीकडं वर्षभर असायचाच. चौदा तारखेच्या रात्री पावणेदहाला एक इनकमिंग कॉल, चार मिनिटांचा. टॉवर शिवाजीनगरचा. त्यानंतर फोन बंद. शिवाजीनगरच्या टॉवरचा एक पट्टा म्हणजे काय, ते पुणेकराला सांगायला नको. तेव्हा एसटी स्टँड जुन्या जागीच होतं, रेल्वे स्टेशनला खेटून. तिथून माणूस नाशिकला जाऊ शकतो, संभाजीनगरला जाऊ शकतो, लोणावळ्याला जाऊ शकतो, नाहीतर पलीकडं रस्ता ओलांडून गल्लीत. स्टँडवरच्या आणि आसपासच्या दुकानांच्या कॅमेऱ्यांवर सगळं कधीच पुसून गेलेलं. पंधरा दिवस, फार तर महिना, त्यावर नवीन चढतं. मला खोकं दिसलं तेव्हा दोन महिने होऊन गेले होते.

कॉल करणारा नंबर दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका म्हाताऱ्या बाईच्या नावावर निघाला. आम्ही गेलो. बाईंनी आयुष्यात मोबाइल धरला नव्हता. रेशनला लागतं म्हणून कुणीतरी आधार नंबर घेतला होता, अंगठा घेतला होता, एवढं त्यांना आठवत होतं. नंबर बंद. त्याचे बाकीचे कॉल तपासले, काही धागा लागला नाही. साहेबांनी मग अपहरणाचा गुन्हा दाखल करून घेतला खरा, पण मागचे दोन महिने कुठून आणणार?

पुढच्या मे महिन्यात नजीबचा तपास हायकोर्टानं सीबीआयकडं दिला. पेपर घेऊन वडील आले. “त्याला शीबीआय मिळाली,” म्हणाले. हेवा वाटावा तसं. २०१८ मध्ये सीबीआयनंही हात टेकले आणि तपास बंद करायचा क्लोजर रिपोर्ट दिला. दिल्लीच्या कोर्टानं तो २०२५ च्या जूनमध्ये मान्य केला, नवीन काही सापडलं तर तपास पुन्हा उघडायची मोकळीक ठेवून. त्या दिवशी मी मोबाइलवर बातमी वाचत होतो आणि ह्यांचा फोन येणार, हे मला माहीत होतं. आला. “शीबीआयला बी न्हाई गावलं,” एवढं म्हणाले आणि पावसाचं बोलायला लागले.

मधे सात वर्षं उलटली तेव्हा त्यांच्या धाकट्यानं वकील गाठला होता. सात वर्षं माणसाची खबर नसेल तर कोर्ट तो मयत धरू शकतं. पुराव्याच्या जुन्या कायद्यात ते कलम १०८ होतं. जमिनीच्या वाटणीचं काम अडलं होतं. वडिलांनी कागदावर सही केली नाही. धाकट्यानं मला फोन करून, तुम्ही तरी सांगा म्हटलं. मी सांगितलं नाही. कुठल्या तोंडानं सांगणार?

रिटायर होताना मी एकच गोष्ट घरी नेली. फाइल नेता येत नाही, दोन्ही आयएमईआय माझ्या डायरीत लिहिलेले आहेत, ती डायरी.

गेल्या दिवाळीला त्यांचा फोन आला, आवाज चढलेला. “सायब, नंबर लागला. पोराचा दुसरा नंबर. रिंग गेली, उचलला!” माझ्या हातातला फराळ तसाच राहिला. मग त्यांनीच सांगितलं, कोल्हापूरकडचा कुणी टेम्पोवाला आहे, नवीन सिम घेतलंय. बंद पडलेले नंबर कंपन्या पुन्हा वाटतात, हे त्यांना ठाऊक नव्हतं. मी समजावायला लागलो.

“ते सांगितलं मला त्यानं,” ते म्हणाले. “माणूस चांगला हाये. त्याला म्हणलं, बाबा, ह्या नंबरवर पोराला इचारत कुणी फोन केला तर नाव-गाव लिहून ठिव आन् मला कळीव. हो म्हणलाय. तुमचा बी नंबर दिलाय त्याला. चालतं न्हवं?”