टोळी गेली त्या दिवशी

मागच्या एका हंगामात, जानेवारीतल्या पहाटे साडेपाचला चिटबॉयचा, म्हणजे तोडीच्या चिठ्ठ्या देणाऱ्या आमच्या माणसाचा, फोन आला, "साहेब, टोळी गेली." शिरोळ तालुक्यातल्या एका गटात मी साखर कारखान्याच्या शेती विभागाचे काम 19 वर्षे पाहतो आहे, त्यामुळे हे वाक्य मला नवे नव्हते. उचल, म्हणजे तोडणीची आगाऊ रक्कम, दोन ठिकाणी घेऊन मुकादमाने ऊसतोड मजुरांची टोळी रात्रीतून हलवणे हा आमच्याकडचा जुना रोग आहे. तळावर गेलो तेव्हा पाचटाच्या बारा कोप्यांपैकी, म्हणजे झोपड्यांपैकी, अकरा रिकाम्या होत्या आणि बाराव्या कोपीपुढे बीड जिल्ह्यातल्या धारूरकडचे पन्नाशीचे एक जोडपे चुलीवर भाकरी भाजत होते.

त्या दिवशी ज्यांच्या फडाची पाळी होती, त्या आबांचे रान अवघे 32 गुंठे, आडसाली लागण, सरी तीन फुटांची. तोड आणखी लांबली तर वजन घटणार, म्हणून मी शेजारच्या गटातले हार्वेस्टर, म्हणजे ऊस तोडणारे यंत्र, मागवले. त्याची किंमत कोटीच्या घरात असते. सरकार अशा यंत्राला किमतीच्या 40 टक्के किंवा 35 लाख रुपये, यांतील कमी असेल तेवढे अनुदान देऊ लागल्यापासून आमच्या भागात ती वाढली आहेत. मोकळ्या रानात हे यंत्र दिवसाला शंभर टनांपुढे जाते, पण त्याला सरी साडेचार-पाच फुटांची लागते आणि वळायला दोन्ही टोकांना जागा लागते. आबांच्या रानात यांपैकी काहीच नव्हते. पंचविशीतल्या चालकाने बांधावरूनच हात हलवला, "दोन्हीकडची टोकं हातानं तोडून द्या, मग आत घालतो."

म्हणजे यंत्राला कोयता हवा होता, आणि कोयता, म्हणजे तोडणी करणारे जोडपे, त्या शिवारात एकच उरला होता.

मी तळावर परत गेलो. ही दोघे टोळीबरोबर का गेली नाहीत, असे विचारल्यावर बाई म्हणाल्या, "पोरगं चाकणला कंपनीत हाय. त्यो म्हनतोय, आता कोयता टाका. आमची उचल फिटलीया, आता कुनाच्या मागं कशाला जायचं?" त्यांच्या नवऱ्याने हिशेबच मांडला. जानेवारी 2024 मध्ये तोडणीचा दर टनाला 273 रुपयांवरून 34 टक्क्यांनी वाढला, तरी दोघांनी राबून दिवसाला दोन टन तोडले तर हाती 730 रुपयांच्या आसपास येतात. मुलगा मात्र एकटा, सावलीत उभा राहून, महिन्याच्या ठरावीक तारखेला पगार घेतो. यावर माझ्याकडे उत्तर नव्हते. दर वाढला की टोळ्या टिकतील, असे आम्ही कार्यालयात बसून मानत आलो होतो. त्या घरात प्रश्न दराचा उरलेलाच नव्हता.

आबांनी रोख रोज कबूल केला, तेव्हा दोघे आली आणि दुपारपर्यंत त्यांनी दोन्ही टोकांचा ऊस, शिवाय वाऱ्याने लोळलेला एक कोपरा, बुडातून तोडून मोळ्या बांधून दिल्या. मग यंत्र आत शिरले. उसाच्या कांड्यांचे वीतभर तुकडे शेजारून चालणाऱ्या ट्रॉलीत पडत होते, वाढ्यांचा, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांचा, चुरा मागे रानात उडत होता आणि चाके शेजारच्या सरीतल्या खोडक्यांवरून जात होती. आबांच्या पत्नी बांधावर दोर घेऊन उभ्या होत्या, जनावरांना घालायच्या वाढ्यांसाठी. टोळी असती तर पेंढ्या विकत का होईना मिळाल्या असत्या, आणि त्या पैशांवर टोळीचा मीठमिरचीचा खर्च निघाला असता. यंत्राच्या मागे जनावराला घालण्यासारखे काहीच शिल्लक नसते. शेवटी त्या जोडप्याने आपल्या वाटणीची वाढी त्यांच्यापुढे टाकली आणि पैसे घेतले नाहीत. आबा मात्र खोडव्याची, म्हणजे तोडलेल्या बुंध्यांतून पुन्हा येणाऱ्या पिकाची, चाळण झाली म्हणून माझ्यावर चिडले, आणि ते चुकीचे नव्हते.

तुकडे केलेला ऊस ठेवता येत नाही, त्यामुळे रात्री आठपर्यंत सगळ्या ट्रॉल्या कारखान्याच्या वजनकाट्यावर पोहोचवल्या. पावतीवर तोडणीच्या रकान्यात एकतर टोळीचा क्रमांक लिहायचा असतो, नाहीतर यंत्राचा. हाताने तोडलेला ऊसही त्याच ट्रॉल्यांत भरला होता, म्हणून सगळ्या पावत्यांवर मी यंत्राचा क्रमांक लिहिला. दुसऱ्या दिवशी सकाळी तळावरून गेलो, तर ती दोघे बाराव्या कोपीचे पाचट उतरवत होती.