लायसन्समध्ये जोक टाकला तर काय बिघडतं?

कोड वापरणाऱ्यानं मांजराचे फोटो पाठवायचे असा जोक लायसन्समध्ये (म्हणजे कोड कोणी कसा वापरायचा ते सांगणाऱ्या मजकुरात) टाकू का, असं तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, नाहीतरी हा प्रश्न मला कोणी ना कोणी विचारतंच: "कोड तसाही फुकट वाटतोय, मग लायसन्समध्ये जरा गंमत केली तर कोणाचं काय जातं?"

जातं ना. पण ज्याचं जायला हवं त्याचं जात नाही.

जेसॉनचंच घ्या, म्हणजे प्रोग्राम्सनी आपसात माहिती द्यायघ्यायची एक साधी पद्धत. ती मांडणाऱ्या डग्लस क्रॉकफर्डनं तिच्या कोडसाठी साधं एमआयटी लायसन्स (ही नोटीस ठेवा, बाकी हवं ते करा असं म्हणणारं, सर्रास वापरलं जाणारं) उचललं आणि त्यात एकच वाक्य वाढवलं, की हे सॉफ्टवेअर चांगल्यासाठी वापरायचं, वाईटासाठी नाही. वाचायला किती छान! पण चांगलं-वाईट ठरवणार कोण, कोर्ट? आणि ज्याला खरंच वाईट काम करायचंय तो "अरेरे, लायसन्समध्ये बसत नाही" म्हणून थांबणारे थोडीच. अडकले ते नियम पाळणारे. सॉफ्टवेअर कशासाठी वापरायचं यावरच अट आली म्हणून एफएसएफ (फ्री सॉफ्टवेअरची चळवळ चालवणारी संस्था) आणि डेबियन (लिनक्सची एक आवृत्ती बनवणारा गट) दोघांनीही हे लायसन्स फ्री, म्हणजे वापराचं पूर्ण स्वातंत्र्य देणारं, मानलं नाही, अपाचे या सॉफ्टवेअर संस्थेनं २०१६ मध्ये ते नको असलेल्यांच्या यादीत टाकलं, आणि पीएचपी या प्रोग्रामिंग भाषेवाल्यांनी तर व्हर्जन ७ मध्ये अख्खा जेसॉन पार्सरच (जेसॉन वाचणारा भाग) बदलून टाकला, तोही मुख्यतः या एका ओळीपायी!

क्रॉकफर्ड स्वतः एक किस्सा सांगायचा की आयबीएमच्या वकिलानं वेगळी परवानगी मागितली, तेव्हा यानं आयबीएम, त्यांचे ग्राहक, भागीदार आणि चेलेचपाटे अशा सगळ्यांना वाईटासाठी वापरायची परवानगी देऊन टाकली. मलाही हसू येतं. पण आयबीएमकडे पत्र लिहायला वकील होता, एकट्यानं लायब्ररी (इतरांनी आपल्या प्रोग्राममध्ये वापरायचा तयार कोड) सांभाळणाऱ्यानं काय करायचं? शेवटी २०२२ मध्ये त्याच्या जावा लायब्ररीतून ते वाक्य गेलं आणि कोड पब्लिक डोमेनमध्ये, म्हणजे सगळ्यांसाठी विनाअट खुला, आला.

मग ते शिवीवालं डब्ल्यूटीएफपीएल नावाचं लायसन्स. सार काय तर "मनाला येईल ते कर", अधेमधे शिवी. शिवीचं मला काही वाटत नाही, एफएसएफ तर त्याला फ्रीच मानते. खरी गोची वेगळीय, त्यात वॉरंटी नाकारणारं वाक्यच नाही. एमआयटीमध्ये तो कॅपिटल अक्षरांतला कंटाळवाणा परिच्छेद असतो ना, जो आपण कधीच वाचत नाही, तो लेखकाच्या संरक्षणासाठी असतो, उद्या कोडमुळे कोणाचं नुकसान झालं तर "मी कसलीच हमी दिली नव्हती" म्हणता यावं म्हणून. सगळं मोकळं सोडण्याच्या नादात लोक नेमकं तेच उडवतात. ओपन सोर्स लायसन्सं मंजूर करणाऱ्या ओएसआय या संस्थेनं २००९ मध्ये हे लायसन्स नाकारलं आणि गूगलमध्ये असा कोड वापरायलाच बंदी आहे. म्हणजे सगळ्यात मोकळं लायसन्स आणि तेच चालत नाही.

बिअरवेअर हे लायसन्स मला आवडतं, खरं सांगतो. फ्रीबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टीमवाल्या पौल-हेनिंग कॅम्पनं ते प्रसिद्ध केलं: ही नोटीस ठेव, हवं ते कर, कधी भेटलो आणि कोड आवडलेला असेल तर बिअर पाजू शकतोस. (वॉरंटीचं वाक्य यातही नाही, ते सोडा.) बघा, "पाजू शकतोस" आहे, "पाजलीच पाहिजे" नाही. हौशी लोक याची नक्कल करताना नेमकी सक्ती करतात, मग लेखक सापडला नाही तर काय, तो वारला तर काय, घेणारी कंपनी असेल तर पाजायची कोणी, आणि कंपनीतला लायसन्स तपासणारा माणूस एवढा विचार करत बसत नाही, दुसरी लायब्ररी शोधतो.

जोक नीट जमलेलाही आहे हं. ॲमेझॉननं २०१६ मध्ये लंबरयार्ड हे गेम इंजिन काढलं, त्याच्या अटींत होतं की जीव धोक्यात येईल अशा सिस्टीममध्ये हे वापरू नका, पण चावण्यातून पसरणाऱ्या विषाणूमुळे मेलेली माणसं उठून जिवंत माणसांना खायला लागली आणि सरकारी आरोग्य यंत्रणेनं तसं जाहीर केलं, तर ही बंदी लागू नाही. आता यात कोणाचा हक्क लटकला? कोणाचाच नाही, झॉम्बी येईपर्यंत बाकी अटी जशाच्या तशा.

तेव्हा तुमचा तो मांजराचे फोटो पाठवायचा जोक रीडमीमध्ये (कोडसोबतच्या माहितीच्या फाइलीत) टाका आणि लायसन्सच्या फाइलीत एमआयटी ठेवा, एक अक्षर न बदलता. स्पॅटी नावाची बेल्जियमची कंपनी असंच करते, पॅकेज एमआयटीखाली देते आणि रीडमीमध्ये नुसती विनंती करते की वापरलंत तर तुमच्या गावाहून पोस्टकार्ड पाठवा. सक्ती काही नाही, तरी कार्डं येतात, आणि आलेली ते आपल्या साइटवर लावतातही.