पदरमोड करून केलेली नोकरी

मॉर्मन या अमेरिकेतील ख्रिस्ती पंथाचे धर्मप्रचारक म्हटले की पांढरा शर्ट, टाय आणि छातीवर काळी नावपट्टी लावून दोघादोघांनी दारोदार फिरणारी कोवळी मुले डोळ्यांसमोर येतात. गंगापूर रोडवर सकाळी फिरायला येणाऱ्या आमच्या मंडळींची हीच समजूत आहे, आणि मुलीकडे घानाला, अक्रा शहरात, राहायला जाईपर्यंत माझीही तीच होती. मुलीच्या इमारतीत तळमजल्यावर अमेरिकेतील आयडाहो राज्यातून धर्मसेवेसाठी आलेले एक मॉर्मन जोडपे राहत होते. दोघांनीही पासष्टी ओलांडलेली होती. यजमानांनी जन्मभर बटाट्याची शेती केली होती आणि बाई प्राथमिक शाळेतून निवृत्त झाल्या होत्या. मीही शिक्षिकाच, त्यामुळे ओळख व्हायला वेळ लागला नाही. इमारतीत सगळे त्यांना, त्यांच्या पंथाच्या रीतीप्रमाणे, एल्डर आणि सिस्टर म्हणत, म्हणून आम्हीही तसेच म्हणू लागलो.

त्यांच्या चर्चचे मुख्यालय अमेरिकेत, युटा राज्यातील सॉल्ट लेक सिटी येथे आहे. या चर्चमधील तरुण मुले वयाच्या अठराव्या वर्षापासून दोन वर्षे धर्मसेवेला जाऊ शकतात, हे पुष्कळांनी ऐकलेले असते. निवृत्त जोडप्यांनाही अशाच सेवेवर पाठवले जाते, हे मात्र फारसे कोणाला ठाऊक नसते. घरात सांभाळायची मुले उरलेली नसावीत, वैद्यकीय तपासणीत प्रकृती ठीक निघावी आणि खर्च स्वतः करण्याची तयारी असावी, एवढे जमले की सहा महिन्यांपासून तेवीस महिन्यांपर्यंतची मुदत घेता येते. अर्जात आपली पसंती कळवता येते, पण कुठे जायचे हे शेवटी चर्चच्या अध्यक्षांच्या सहीने येणारे पत्रच ठरवते. एल्डर आणि सिस्टर यांच्या मनात युरोप होता, पत्रात घाना आले. त्यांनी शेत पुतण्याला कसायला दिले, घर भाड्याने दिले, युटातील प्रोव्हो येथील चर्चच्या केंद्रात थोडे दिवस प्रशिक्षण घेतले आणि ते अक्र्याला येऊन दाखल झाले.

त्यांचा दिवस पाहिल्यावर माझा सगळ्यात मोठा गैरसमज गळून पडला. उपदेश वगैरे त्यांच्या वाट्याला फार थोडा येई. ऊन चढण्याआधी दोघे इमारतीच्या आवारात चालत, मग धर्मग्रंथाचे वाचन आणि प्रार्थना करत, आणि त्यानंतर पिकअप गाडीत बसून थेट कार्यालय गाठत. सिस्टर तेथे तरुण प्रचारकांच्या भाड्याच्या घरांचे हिशेब, पत्रे, पार्सले आणि आजारपणाच्या नोंदी पाहत. एल्डर गाड्यांची देखभाल आणि राहण्याच्या परवान्यांचे कागद सांभाळत. एखाद्या कंपनीच्या प्रशासन विभागात जे चालते, तेच हे काम, फक्त पगाराऐवजी दरमहा स्वतःच्या खिशाला चाट.

एकदा मी त्यांच्याबरोबर मुलांच्या घरांची तपासणी पाहायला गेले होते. चार मुले राहत असलेल्या त्या घरात सिस्टरांनी आधी फ्रीज उघडला, मागच्या आठवड्यातल्या भाताचा डबा नाकाशी नेला आणि एक शब्दही न बोलता कचऱ्याच्या बादलीत रिकामा केला. मग पाणी गाळण्याच्या फिल्टरची कांडी बाहेर काढून नळाखाली घासली. मच्छरदाण्या एकेक करून खिडकीपाशी उजेडात धरल्या, आणि जिथे भोक दिसले तिथे पर्समधून सुई-दोरा काढून उभ्याउभ्याच टाके घातले. मलेरियाच्या देशात हेच काम पहिले, असे त्या म्हणाल्या. तोवर एल्डर मोरीतला गळका नळ उघडून बसले होते. शेवटी सिस्टरांनी घरी भाजलेल्या केळ्याच्या पावाची लादी पिशवीतून काढली आणि मुलांचे चेहरे एकदम खुलले. त्या मुलांतला एक जण युगांडाचा होता आणि आईपासून पहिल्यांदाच इतका दूर आला होता. आठवड्यातून एकदा घरी बोलण्याची मुभाही त्यांना २०१९ पासूनच मिळाली आहे. त्याआधी नाताळ आणि मातृदिन, एवढेच दोन फोन असत. ज्येष्ठ जोडप्यांना असे बंधन नाही. सिस्टर नातवंडांशी रोज रात्री बोलत, अर्थात वीज आणि इंटरनेट दोन्ही जागेवर असतील तेव्हा.

खाण्यापिण्यात आमचे चांगले जमले. १८३३ पासून चालत आलेल्या नियमानुसार दारू आणि तंबाखूबरोबर चहा-कॉफीही त्यांना वर्ज्य आहे. नाशिकच्या माणसाने पाहुण्याला चहा न विचारणे म्हणजे काय, ते मी इथे सांगायला नको. माझी पंचाईत अशी सुटली की मी नाशिकहून वाळवून नेलेला गवती चहा आले आणि गुळाबरोबर उकळून, पत्ती न घालता, देऊ लागले, आणि तो त्यांना इतका आवडला की पुढे चिवड्याबरोबर त्याचीही मागणी येऊ लागली. महिन्याच्या पहिल्या रविवारी ते दोन वेळचे जेवण सोडतात आणि त्या जेवणाचे पैसे गरजूंसाठी देतात. आमच्याकडची एकादशी आणि दुप्पट खाशी आठवून मी त्या दिवशी गप्प राहणेच पसंत केले.

माझ्या यजमानांना सर्वांत नवल वाटले ते वेगळ्याच गोष्टीचे. चाळीस वर्षे ज्यांची तोंडे फक्त जेवणाच्या टेबलावर एकमेकांसमोर आली, ते नवरा-बायको आता चोवीस तास एका गाडीत, एका कार्यालयात, एका छोट्या घरात होते. पहिले तीन महिने भांडणाचे गेले, असे सिस्टरांनी मोकळेपणाने सांगितले. “आपले तीन दिवस तरी निघतील का?” असे हे मला म्हणाले, आणि त्यावर मी उत्तर दिले नाही.

सगळेच मला पटले असे नाही. याच चर्चने १९७८ पर्यंत कृष्णवर्णीय पुरुषांना पौरोहित्य नाकारले होते. गंमत अशी की घानातील लोकांनी त्याआधीच, पुस्तके मिळवून, आपणहून प्रार्थनामंडळे उभी केली होती. १९८९ मध्ये सरकारने चर्चवर बंदी आणली, ती १९९० मध्ये उठली, आणि २००४ मध्ये अक्र्यात त्यांचे मंदिर उभे राहिले. मी विषय काढला तेव्हा एल्डर म्हणाले, “तो आमच्या अंगावरचा डाग आहे.” ते पुढे काही बोलले नाहीत आणि मीही ताणले नाही. माझे खरे वाजले ते वंशावळीवरून. त्र्यंबकेश्वरच्या आमच्या तीर्थोपाध्यायांच्या वहीत माझ्या आजेसासऱ्यांची सही आहे, हे ऐकून सिस्टर हरखल्या, कारण पूर्वजांच्या नोंदी जमवणे हे त्यांच्या चर्चचे मोठे काम आहे आणि हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्यांचे चित्रणही त्यांनी पूर्वीच केलेले आहे. पण या नोंदींचा एक उपयोग मृतांच्या नावाने, जिवंत माणसाला उभे करून, बाप्तिस्मा देण्यासाठी होतो. ज्यू लोकांनी नाझी छळात बळी पडलेल्यांच्या बाबतीत याला आक्षेप घेतला आणि १९९५ मध्ये चर्चला ते थांबवण्याचे मान्य करावे लागले. मृतात्म्याला ते स्वीकारण्याचे किंवा नाकारण्याचे स्वातंत्र्य असते, असे सिस्टरांचे म्हणणे. आम्हीही पितरांना पिंड देतो, पण आपल्याच पितरांना देतो, असे मी म्हणाले. गवती चहा त्या दिवशी जरा थंडच झाला.

नाशिकला परतल्यावर हे सगळे फिरायच्या मंडळींना सांगितले. नोटांच्या छापखान्यातून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांचा पहिला प्रश्न होता, “खर्च कोण करते?” स्वतःच करतात, म्हटल्यावर ते थोडा वेळ काहीच बोलले नाहीत. आमच्या या घोळक्यात हिशेबनीस आहेत, परिचारिका आहेत, वाहनदुरुस्ती कोळून प्यायलेले आहेत, आणि निम्म्यांना दुपारी काय करावे हा प्रश्न असतो. त्यांच्यात इच्छा कमी आहे असे मला वाटत नाही. अमुक काम, अमुक टेबल, अमुक महिन्यांची मुदत असे लिहिलेले पत्र त्यांच्या हातात ठेवणारे कोणी नाही. २०२७ चा सिंहस्थ तोंडावर आहे, हरवलेल्या माणसांच्या नोंदी ठेवायलाही शेकडो हात लागतील. माझ्या यजमानांनी दोन-तीन ठिकाणी स्वखर्चाने काम करण्याची तयारी लेखी कळवली आहे. सगळीकडून “कळवतो” असे उत्तर आले, आणि अजून कोणी कळवलेले नाही.