चंद्रामागे, मुद्दाम तोडलेला

शुक्रवार, रात्री उशिरा

डंकन जोन्सचा 'मून' (२००९) हा चित्रपट आज पुन्हा पाहिला. पहिल्या वेळी सगळं लक्ष रहस्याकडे होतं. आज ते ठाऊक असल्यामुळे सॅम बेलकडे नीट बघता आलं. (ज्यांनी पाहिला नाही त्यांनी इथेच थांबावं, पुढे सगळं उघड लिहिलंय.)

सॅम चंद्राच्या पलीकडच्या बाजूला हेलियम-३ हे इंधन काढणाऱ्या तळावर तीन वर्षांच्या करारावर एकटा आहे. सोबतीला गर्टी नावाचा यंत्रमानव. उपग्रह बिघडलाय म्हणून पृथ्वीशी थेट बोलता येत नाही, बायकोचे नुसते ध्वनिमुद्रित निरोप येतात. हे आपण सहज मान्य करतो, कारण कारण पटण्यासारखंच आहे. चंद्राची ती बाजू पृथ्वीला कधी दिसत नाही, मध्ये उपग्रह ठेवल्याशिवाय तिथून संपर्क होत नाही. चीनने २०१९ च्या जानेवारीत तिकडे 'चांग-अ ४' हे यान उतरवलं, त्यासाठी आदल्या वर्षी 'च्वेचियाओ' हा उपग्रह पाठवावा लागला होता.

मला सारखे अपोलो ११ मोहिमेतले अंतराळवीर मायकेल कॉलिन्स आठवत होते. जुलै १९६९ मध्ये आर्मस्ट्राँग आणि ऑल्ड्रिन खाली चंद्रावर असताना ते वर यानात एकटे चंद्राभोवती फेऱ्या मारत होते. प्रत्येक फेरीत सुमारे ४८ मिनिटं चंद्राआड, रेडिओ बंद. पण त्या काळात आपल्याला एकटं किंवा भीतीदायक वाटलं नाही, उलट समाधानच होतं, असं त्यांनी पुढे लिहिलंय. मला ते खरं वाटतं. त्यांच्या आणि ह्यूस्टनच्या नियंत्रण केंद्राच्या मध्ये फक्त चंद्र होता. तो कधी बाजूला होणार ते त्यांना मिनिटानिशी माहीत होतं, आणि पलीकडे माणसं त्यांच्या आवाजाची वाट बघत होती.

सॅमची वाट कोणीच बघत नाहीये. उपग्रह बिघडलेला नाहीच. तळाभोवती संदेश अडवणारे मनोरे कंपनीनेच उभे केलेत. सॅम हा मूळ सॅमची प्रत आहे, तीन वर्षांत शरीर खचतं, मग त्याला जाळून पुढचा जागा केला जातो. बायकोचे निरोप जुनेच. अंतराळ, अंधार, अंतर यांचा यात काहीच दोष नाही. माणसाला एकटं पाडण्यासाठी कोणीतरी बसून आराखडा काढलाय, खर्च मंजूर केलाय. या चित्रपटाची भीती मला तिथे वाटते.

या वेळी मात्र जुना सॅम जिवंत असतानाच पुढचा जागा झालाय, त्यामुळे तळावर एकाच वेळी दोन सॅम आहेत. मनोऱ्यांच्या पलीकडे गाडी नेऊन त्यातला थोरला, म्हणजे आधीचा सॅम घरी फोन लावतो तो प्रसंग! पडद्यावर मुलगी ईव्ह येते. त्याच्या लेखी ती अजून अगदी लहान आहे, समोरची १५ वर्षांची. आई वारली म्हणून सांगते. मग मागून तिच्या वडिलांचा आवाज येतो, आणि तो आवाज सॅमचाच असतो. थोरला सॅम घाईघाईने फोन बंद करतो. सॅम रॉकवेलने इथे जे केलंय त्याला अभिनय म्हणायलाही जीभ रेटत नाही. दोन्ही सॅम त्यानेच केलेत, तरी एकाचा थकवा दुसऱ्यात चुकूनही उतरत नाही. एक दुसऱ्याची शुश्रूषा करतो तेव्हा ती दोन वेगळी माणसं आहेत याबद्दल मनात शंकाच राहत नाही. जेमतेम ५० लाख डॉलरमध्ये, चंद्रावरच्या गाड्यांच्या छोट्या प्रतिकृती वापरून हे केलंय, आणि दिग्दर्शकाचा पहिलाच चित्रपट! गर्टीबद्दल खरं तर वेगळं लिहायला हवं. पडद्यातला यंत्रमानव उलटणार असं आपण धरून चालतो, आणि हा तर शेवटपर्यंत सॅमच्या बाजूने उभा राहतो.

शेवटी धाकटा सॅम पृथ्वीकडे निघतो. हाती वेळ अगदी थोडा, कंपनीची माणसं येऊन ठेपलेली. तरी जाण्याआधी तो एका उत्खनन यंत्राची वाट बदलतो, म्हणजे ते जाऊन मनोऱ्यावर आदळेल. त्याला स्वतःला याचा काडीचा उपयोग नाही. मागे जो नवा सॅम जागा झालाय, आणि त्याच्यानंतर जे होतील, त्यांना थेट घरी बोलता यावं म्हणून तो हे करतो. पहिल्या वेळी पाहताना हे माझ्या लक्षातही आलं नव्हतं. आज वाटतं, अख्ख्या चित्रपटात सुटकेचं काम कुठलं झालं असेल, तर हेच.