वाचनासोबत संगीत: अद्भुतकथा मंडळाची तिसरी नोंद

मागच्या नोंदीपर्यंत नियम असा होता की पुस्तकातलं जग जसं, तसं संगीत. ड्रॅगन आला की कर्णे आणि नगारे, जंगल आलं की बासरी. हा नियम आता मोडीत काढला आहे. मोठ्याने वाचताना संगीत निवडायचं ते गद्याच्या श्वासावरून, कथेतल्या सामानावरून नाही. ड्रॅगन ऐकणाऱ्याला शब्दांतून दिसलेलाच असतो. नगाऱ्याने तो पुन्हा दाखवला की वाक्याला काम उरत नाही, आणि दहा मिनिटांत सगळी पुस्तकं एकाच चित्रपटासारखी ऐकू यायला लागतात.

श्वास मोजायची रीत सोपी आहे. वाचायचं पान एकदा नेहमीच्या गतीने मोठ्याने वाचा आणि जिथे श्वास घ्यावा लागतो तिथे पेन्सिलीने रेघ मारा. दोन रेघांमध्ये 12 पेक्षा जास्त शब्द येत असतील तर ते लांब दमाचं गद्य. त्याखाली ठोका असलेलं काहीही लावू नका. वाचक नकळत ठोक्याला धरून चालतो आणि वाक्य चुकीच्या जागी तोडतो. तिथे तानपुऱ्यासारखा अखंड सूर किंवा खालच्या पट्टीतलं चेलो चालतं. सात-आठ शब्दांवर थांबणाऱ्या गद्याला मात्र हार्प किंवा ल्यूट या जुन्या युरोपीय तंतुवाद्यासारखं छेडून वाजवायचं वाद्य साजतं, कारण त्याचा प्रत्येक सूर आपोआप विरतो आणि विरामात जागा सोडतो. शब्द असलेलं गाणं कुठल्याच गद्याखाली नको. भाषा अनोळखी असली तरी कान बोलण्याकडे ओढला जातो.

आवाजाच्या पातळीत सगळ्यांत जास्त चुका होतात. संगीत वाचकाच्या आवाजापेक्षा निदान 20 डेसिबलने खाली हवं. फोनवरचं ध्वनिमापक ॲप श्रोत्याच्या खुर्चीवर ठेवून आधी नुसतं वाचन मोजा, मग नुसतं संगीत. वाचन 60 भरलं तर संगीत 40. खोलीत पंख्याचाच आवाज 40 च्या वर जात असेल तर दोन्ही वाढवत बसू नका, संगीत बंद करा. स्पीकर वाचकाच्या शेजारी ठेवू नये. दोन आवाज एकाच दिशेने आले की शब्द झाकले जातात, बाजूच्या भिंतीकडून आले तर तेवढ्याच पातळीवर वाचन स्पष्ट कळतं. इक्वलायझर असेल तर 2 ते 4 किलोहर्ट्झचा पट्टा 4 ते 6 डेसिबलने उतरवा, कारण व्यंजनांचा ठसठशीतपणा त्याच भागात असतो. पूर्ण वाद्यवृंदाची ध्वनिमुद्रणं इथे फसतात. हळू भाग ऐकूच येत नाही आणि त्यासाठी आवाज वाढवला की पुढच्या उसळीत वाचक बुडतो. एकल वाद्य किंवा तीन-चार वाद्यांचा संच घ्या.

आता गाण्यांकडे. अद्भुतकथेत पात्रं गातात, आणि बहुतेक वाचनांत ती कडवी घाईने उरकली जातात किंवा चक्क गाळली जातात. यंदा सर्वांत जास्त वेळ याच कामाला दिला आहे. कथेच्या मराठी वाचनात त्या गाण्यांना मराठी छंद मिळाला पाहिजे, नाहीतर कडवं म्हणजे ओळी तोडलेलं गद्य होतं.

चालत्या, हलक्या गाण्यांना पादाकुलक उत्तम. ओळीत 16 मात्रा, 8 आणि 8. नमुन्यासाठी रचलेल्या दोन ओळी:

काजळ रात्री उजळत येई
दूर दिव्यांची रांग निळीशी

दुसऱ्या ओळीत नवशिका हमखास अडतो. पुढे जोडाक्षर आलं की आधीचं अक्षर गुरू, म्हणजे दोन मात्रांचं, हा नियम पाठ असतो, म्हणून तो ‘दिव्यांची’मधल्या ‘दि’च्या दोन मात्रा धरतो आणि ओळ 17 वर जाते. पण दिव्याचं अनेकवचन उच्चारताना ‘दि’वर आघात येत नाही, तो लघूच, म्हणजे एका मात्रेचा, राहतो. ‘दिव्य’ या शब्दात आघात येतो, तिथे दोन मात्रा. ‘तुझ्या’, ‘पुढ्यात’ यांनाही हेच लागू. मात्रा कागदावर मोजण्याआधी ओळ तोंडाने म्हणा.

कालेवालाचं प्रकरण याहून रंगतदार आहे. एलियास ल्योनरोट यांनी फिनिश लोकगीतांवरून रचलेलं हे काव्य 1835 मध्ये आलं, वाढवलेली आवृत्ती 1849 मध्ये. तिच्यात 50 सर्ग आणि 22,795 ओळी आहेत. ओळीचा साचा आठ अक्षरांचा, म्हणून त्याला लहान अभंगाचा आठ अक्षरी चरण सरळ बसतो:

काळ्या पाण्याच्या काठाला
हंस एकला बैसला

पारंपरिक चालीत पहिली सहा अक्षरं ऱ्हस्व गातात आणि शेवटची दोन दुप्पट लांबवतात. म्हणजे सहा अधिक चार, दहा मात्रा. दहा म्हटलं की हात झपतालाकडे, दहा मात्रांच्या तालाकडे, जातो, आणि तिथेच गाडी घसरते. झपतालाचे विभाग 2-3-2-3, ही चाल मात्र दोन-दोनच्या पाच जोड्यांची आहे. झपतालाच्या ठेक्यात दुसरी टाळी तिसऱ्या मात्रेवर जुळते, पण पुढचा विभाग सहाव्या मात्रेवर सुरू होतो, म्हणजे जोडीच्या मधोमध. ठेका नकोच. पाच सरळ टाळ्या द्या. शेवटची दोन अक्षरं दीर्घ असतील तर लांबवणं सोपं जातं; ‘बैसला’त ‘स’ ताणावा लागतो, म्हणून ती ओळ अजून पक्की नाही. ‘हंस एकला विसावे’ केलं तर गाता येतं, पण यमक जातं. सध्या यमक सोडायच्या बाजूने मत झुकतंय.

या वाचनाआधी फिनिश संगीतकार सिबेलियस यांची ‘तुओनेलाचा हंस’ ही वाद्यरचना (तुओनेला म्हणजे कालेवालातला मृतांचा लोक) ऐकवायची, नऊ-दहा मिनिटांची आहे. आधी ऐकवायची, वाचनाखाली लावायची नाही. तिच्यातलं कॉर आंग्ले (ओबोच्या जातीचं फुंकवाद्य) माणसाच्या आवाजाच्या इतकं जवळ आहे की वाचन आणि ते एकमेकांना खातात.

टॉल्किन यांच्या 1954-55 मध्ये तीन खंडांत आलेल्या ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ या महाकथेसाठी नावांचा तक्ता तयार झाला आहे, एका पानाचा. वाचकाने तो आदल्या दिवशी मोठ्याने म्हणायचा. एल्फ भाषांतल्या नावांत सी हे अक्षर नेहमी ‘क’ असतं, म्हणून केलेबॉर्न, सेलेबॉर्न नव्हे. लेखकानेच परिशिष्टात हे सांगून ठेवलं आहे. यातल्या कवितांना डोनाल्ड स्वान यांनी दिलेल्या चाली 1967 मध्ये प्रसिद्ध झाल्या, एक गायक आणि पियानो एवढ्यावर. त्यातल्या क्वेन्या या एल्फ भाषेतल्या विरहगीताची चाल टॉल्किन यांनी स्वतः सुचवलेली, ग्रेगोरियन पठणाच्या वळणाची. ते गीत आम्ही भाषांतरित न करता मूळ भाषेत, साथीशिवाय म्हणतो. अर्थ आधी दोन वाक्यांत सांगायचा.

लॉर्ड डनसेनी यांच्या 1905 च्या देवकथा छोट्या आणि मंत्रासारख्या लयीच्या आहेत. त्यांना एकच अखंड सूर पुरतो. अर्सुला ले ग्विन यांच्या अर्थसी मालिकेतल्या पहिल्या, 1968 च्या कादंबरीखाली काहीच लावलं नाही. तिच्या आरंभीच शब्द आणि शांतता यांच्यावर कविता आहे, आणि तिथली सगळी जादू खऱ्या नावाच्या उच्चारावर उभी आहे. अशा पुस्तकाला शांतता ऐकू यावी लागते.

याच लेखिकेचं 1985 चं ‘ऑलवेज कमिंग होम’ पुढच्या फेरीत आहे. पुस्तकाच्या पेटीतच कॅसेट होती, कल्पित केश लोकांची गाणी आणि कविता, संगीत टॉड बार्टन यांचं. गाण्यांना शब्द आहेत, त्यामुळे ती वाचनाखाली जाणार नाहीत. दोन उताऱ्यांच्या मध्ये पूर्ण गाणं, मग दहा सेकंद काहीच नाही, मग पुढचं वाचन, असा क्रम लावून पाहायचा आहे. दहा सेकंद घड्याळ लावून मोजावे लागतील. अंदाजाने मोजलं तर वाचक तिसऱ्याच सेकंदाला सुरू करतो.