भिगवणला निघण्याआधी उजनीचा टक्का बघा

नोव्हेंबर उजाडला की उजनी धरणाच्या फुगवट्यावरच्या भिगवणच्या रोहितांचे, म्हणजे फ्लेमिंगोंचे, फोटो मोबाइलवर फिरायला लागतात. त्यातले बरेचसे मागच्या उन्हाळ्यातले असतात, हे कोणी सांगत नाही. आम्ही डिसेंबरात भिगवणजवळच्या कुंभारगावला पोचलो तेव्हा पाणी काठच्या बाभळींना टेकलेलं. तरी बोटवाला छातीठोकपणे म्हणाला, "आहेत की सर, पलीकडच्या अंगाला." पलीकडे निघाले चित्रबलाक, म्हणजे रंगीत करकोचे! त्यांच्या शेपटीजवळ गुलाबी छटा असते खरी, पण म्हणून काय कोणालाही रोहित म्हणायचं?

रोहित उथळ पाण्यात उभा राहतो, चोच उलटी धरून शेवाळ नि बारीक जीव गाळून खातो. उजनी तुडुंब असताना त्याला पाय टेकायला जागाच नसते. पाणी उतरून गाळ उघडा पडला की थवे येतात. पाऊस जोरात झालेल्या वर्षी त्यासाठी फेब्रुवारी-मार्चही उजाडतो. धरण शंभर टक्के म्हणजे सोलापूरकरांची दिवाळी आणि पक्षी बघणाऱ्यांचा शिमगा. टक्केवारी बातम्यांत येतच असते. ती बघा, बोटवाल्याला विचारू नका.

आता पैशांचं. फोनवर ठरलेला दर अख्ख्या बोटीचा होता. काठावर तो माणशी झाला आणि परतल्यावर "लांब नेलं" म्हणून वर आणखी मागितले. सरळ लूट आहे ही. बोटीत पाय ठेवण्याआधी दर बोटीचा की माणशी, किती वेळ, आणि मोटर कुठे बंद करणार, हे चारचौघांसमोर वदवून घ्या. मोटरचं तर नक्कीच. मार्चअखेर पुन्हा गेलो तेव्हा पुढच्या बोटीने थेट थव्यात मुसंडी मारली, का तर गिऱ्हाइकाला उडतानाचा फोटो हवा. निवांत चरणारा अख्खा थवा उठला. असले फोटो मागणारे आपलेच लोक, बोटवाल्याला एकट्याला झोडण्यात अर्थ नाही. कुरवांना, म्हणजे सीगलना, शेव-फरसाण घालणारी मंडळी बोटीत असतील तर बोट बदला.

पण त्या सकाळी रोहित दिसले, आणि काय दिसले! लालभडक पंख उघडून डोक्यावरून गेले तेव्हा डिसेंबरचा राग पार उतरला. त्यामुळे माझा सल्ला थोडा एकांगी वाटेल, वाटू दे: उन्हाळ्यातच जा, उजाडायच्या आत काठावर हजर राहा, नऊनंतर ऊन पाण्यावरून डोळ्यांत घुसतं. पाणी उतरलेलं असलं की बोटीपर्यंतचा टप्पा मात्र वैताग आहे. काळा, चिकट गाळ, जागोजागी गुडघाभर. साधी चप्पल तिथेच राहते, बूट वाया जातात. मागे पट्टा असलेली सँडल घाला आणि कॅमेरा पिशवीत बांधूनच उतरा.

दुसऱ्या दिवशी जवळच्या कडबनवाडीच्या माळावर चिंकारा हरणं आरामात दिसली. तिथे काही त्रास नाही.

पुण्याहून शंभरेक किलोमीटर आहे, नुसत्या रोहितांसाठी मुक्कामाची गरज नाही. जेवायला उजनीची तळलेली चिलापी (तिलापिया मासा) मागा, भाव आधी विचारून.