चिमूटभर ओवा

नोव्हेंबरातली गोष्ट. बाडमेर जिल्ह्यात, चोहटनच्या बाजूला आमचं औषधी वनस्पतींचं सर्वेक्षण चालू होतं. बाजरी निघून गेली होती आणि मोकळ्या वाळूवर तुंब्याचे वेल पिवळ्या फळांसकट पसरले होते. तुंबा म्हणजे आपलं कडू वृंदावन. आपल्याकडे ते आता बोलण्यापुरतं उरलंय. थरच्या वाळवंटात ते घरातलं औषध आहे.

तिथल्या एका ढाणीत, म्हणजे वाडीवस्तीत, घरगुती औषधं देणाऱ्या दादीसा, म्हणजे आजी, राहायच्या. त्यांच्या गोल झोपडीत वळचणीला पाच-सहा तुंबे टांगलेले होते. पिकलेल्या फळाची टोपी कापायची, थोडा गर कोरून काढायचा, आत ओवा आणि काळं मीठ भरायचं, टोपी परत बसवून सुतळीने बांधायचं आणि सावलीत वाळवायचं. फळ खडखडीत वाळलं की ओवा काढून डब्यात. पोट दुखलं, गुबारा धरला की कोमट पाण्याबरोबर चिमूटभर. मी फॉर्म भरला : तुंबा. उपयोगी भाग : फळ. विकार : पोटदुखी. पुढचं पान.

मग ओरणात गेलो. ओरण म्हणजे देवाच्या नावाने राखलेलं रान, आपल्या देवराईसारखं. तिथे दादीसांनी गुग्गुळाचं झुडूप दाखवलं. डिंकासाठी खाच खोल मारली की झाड वाळतं, म्हणून इथे कोणी हत्यार लावत नाही, असं त्या म्हणाल्या. अशा ओरबाडण्यामुळेच गुग्गुळ आज अतिसंकटग्रस्त वनस्पतींच्या यादीत आहे, हे मला ठाऊक होतं. ते मी मनापासून लिहून घेतलं. तुंब्याकडे मात्र परत वळले नाही.

दुपारी शेजारच्या ढाणीतून एक सासू आपल्या सुनेला घेऊन आली. पोरगी पोट धरून वाकलेली. सासूने डबाच मागितला. दादीसांनी तो काढला, पोरीकडे पाहिलं आणि पाठीमागे ठेवून दिला. आमचे दुभाषे मास्टरजी, त्यांना त्यांनी बाहेर पाठवलं. मग हलक्या आवाजात दोन-तीन प्रश्न, ओटीपोटावर हात. माझ्याकडे वळून म्हणाल्या, "इण नै कोनी देवणो, बाईसा." हिला द्यायचं नाही. पोरीला तिसरा महिना होता. घरात अजून सांगितलं नव्हतं.

आमची जीप दारात होती. दादीसाही बसल्या. तालुक्याच्या दवाखान्यात डॉक्टरांचा पहिला प्रश्न होता, "तुंबा दिला का?" नाही म्हटल्यावर त्यांचे खांदे सैल पडले. लघवीच्या मार्गाचा जंतुसंसर्ग निघाला. रात्रभर ठेवून घेतलं; गर्भ सुखरूप होता.

बाकावर बसून मी सकाळचा फॉर्म काढला आणि माझ्या पोटात गोळा आला. उपयोगी भाग : फळ! तुंब्याचा गर नुसता खाल्ला तर रक्ताचे जुलाब होतात, गर्भही पडू शकतो. तिथे फळ कोणी खातच नाही. ओवा त्यातला जेवढा कडवटपणा शोषून घेतो, तेवढंच औषध. ओवा हे त्यांचं माप आहे, आणि मी नेमकं तेच गाळलं होतं. ही माहिती पुस्तिकेत छापली जाणार होती.

"चिमूट म्हणजे किती?" मी विचारलं. दादीसांनी माझा तळहात उघडला, त्यावर बोटाने ठिपका काढला आणि म्हणाल्या, माझी चिमूट, तुझी नव्हे. लहान पोराला याच्या अर्धी. दोन दिवसांत उतार पडला नाही तर बंद. माझी बोटं त्यांच्यापेक्षा जाड होती.

रात्री फॉर्ममध्ये तीन रकाने वाढवले : किती, किती दिवस, कोणाला नाही. आधीच्या चार गावांत परत गेलो. पहिल्याच गावात एका आजोबांनी सगळं नीट सांगितलं आणि मग विचारलं, "मागच्या खेपेला हे का नाही विचारलंत?"